किल्लारीच्या खाली हैदराबाद

आपल्या मंडळात आजवर वाडे, बारवा, शिलालेख, दर्गे, देवळं, जुनी ग्रंथालयं यांच्यावर बरंच लिहून झालं. दगडावर कुणी लिहिलेलं मला तरी आठवत नाही. मी भूशास्त्राचा माणूस नव्हे. बँकेत नोकरी केली, निवृत्त झालो, आणि महिन्याच्या भटकंतीत तुमच्या मागून चालतो. तरी हा विषय घेतला, त्याचं कारण घरचं आहे.

माझं आजोळ औसा तालुक्यात, किल्लारीच्या जवळ. आजोबांनी बांधलेलं घर काळ्या दगडाचं. भिंती दोन-अडीच फूट रुंद, आत मातीचा गिलावा, वर लाकडी सरांवर मातीचं जाड माळवद. उन्हाळ्यात गार, थंडीत ऊबदार. आजी म्हणायची, "दगडावर दगड ठेवलाय, ह्याला काय होतंय!" तिचा त्या घरावर विश्वास होता आणि घराखालच्या जमिनीवर त्याहून जास्त.

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गाव उशिरा झोपलं. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. मी तेव्हा काचीगुड्याला राहत होतो. फडताळातली भांडी वाजली म्हणून जागा झालो, मांजर असेल म्हणून पुन्हा आडवा झालो. सकाळी बातम्या ऐकल्या आणि मिळेल ती बस धरून निघालो. आजी त्या घराखालीच गेली. ६.२ तीव्रतेच्या त्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतली सुमारे आठ हजार माणसं गेली. काही अंदाज दहा हजारांपर्यंत जातात.

त्यानंतर कितीतरी वर्षं एक प्रश्न मनात राहिला. जमीन दगडाची, आणि दगड असा की विहीर खणताना पहार उडते. मग ती हलली कशी? याचं उत्तर शोधता शोधता मी ज्या दगडापाशी पोचलो तो किल्लारीचा नव्हता. तो इथला, हैदराबादचा निघाला. ती हकीकत सांगतो.

काळा दगड

आधी आपल्याकडचा दगड पाहू. मंडळातले बहुतेक जण मराठवाड्यातून आलेले, त्यामुळे विहीर खणताना काय काय लागतं ते सगळ्यांनी पाहिलेलं आहे. वर काळी माती, मग मुरूम, मग मांजऱ्या, मग काळा पाषाण. मध्येच कधी गेरूसारखा तांबडा पट्टा लागतो आणि त्याच्याखाली पुन्हा काळा पाषाण. या तांबड्या पट्ट्याचं मला लहानपणी फार कुतूहल होतं. त्याचा अर्थ साधा आहे. लाव्ह्याचा एक थर आला, थंड झाला, त्याच्या माथ्यावर ऊन-पाऊस होऊन माती तयार झाली, आणि मग त्या मातीवर लाव्ह्याचा पुढचा थर येऊन तिला भाजून काढून बसला. म्हणजे तो पट्टा ही दोन उद्रेकांमधली विश्रांती.

हा दगड म्हणजे बेसाल्ट. दख्खनचं हे लाव्ह्याचं पठार आज सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर पसरलेलं आहे आणि वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. डायनासोर संपले तोच हा काळ.

आता हा लाव्हा आला कुठून, ते समजण्यासाठी भूपट्टांचा विचार थोडा डोक्यात घ्यावा लागतो. पृथ्वीचं बाहेरचं कवच एकसंध नाही, त्याचे मोठमोठे तुकडे आहेत आणि ते सावकाश सरकतात. नखं वाढतात साधारण त्या वेगाने. दोन भूपट्ट एकमेकांपासून दूर जातात तिथे एका प्रकारचे खडक तयार होतात, एकमेकांवर येतात तिथे दुसऱ्या प्रकारचे. आणि काही ठिकाणी भूपट्टाच्या मधोमध, कडेपासून दूर, खोलवरून उष्णता वर येते. त्याला तप्तबिंदू म्हणतात. दख्खनचा लाव्हा या तिसऱ्या प्रकारातला, असं बहुतेक अभ्यासक मानतात. हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली जो तप्तबिंदू आज आहे, त्याच्यावरून आपला भूपट्ट तेव्हा उत्तरेकडे चालला होता. रियुनियनवरचा ज्वालामुखी आजही जागा आहे. आपण मात्र सरकत इतके लांब आलो की तो आपल्याला परदेश झाला.

आपण सरकलो याचा पुरावा या काळ्या दगडातच सापडला. लाव्हा थंड होताना त्यातले लोहखनिजाचे बारीक कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकत्वाप्रमाणे रांगेत बसतात आणि दगड घट्ट झाला की तसेच राहतात. चुंबकसुई विषुववृत्तावर आडवी राहते आणि ध्रुवाकडे जावं तशी कलते. दगडातला हा कल मोजला की तो दगड कुठल्या अक्षांशावर थंड झाला ते काढता येतं. १९५६ साली क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स यांनी दख्खनच्या दगडावर हे मोजमाप प्रसिद्ध केलं. १९५९ साली डॉइच, राधाकृष्णमूर्ती आणि सहस्रबुद्धे यांचा निबंध आला. निष्कर्ष असा की हा दगड विषुववृत्ताच्या बऱ्याच दक्षिणेला घट्ट झालेला आहे. खंड सरकतात या कल्पनेला तेव्हा जगात अजून सर्वमान्यता नव्हती. ती साठच्या दशकात मिळाली. त्याच दशकाच्या सुरुवातीला, १९६१ साली, आपल्या हैदराबादेत राष्ट्रीय भूभौतिकीय अनुसंधान संस्था, म्हणजे एनजीआरआय, सुरू झाली.

वारसा म्हणून पाहिलं तर हा दगड आपल्या परिचयाचाच. अजिंठा आणि वेरूळ या दगडात कोरलेली. आडवे, जाड, सलग थर असल्यामुळे वरून खाली कोरत जाता आलं. वेरूळचं कैलास लेणं हे लाव्ह्याच्या थरांत उतरत गेलेलं देऊळ आहे. ही दोन्ही ठिकाणं निजामाच्या राज्यात होती आणि १९१४ साली स्थापन झालेल्या हैदराबादच्या पुरातत्त्व खात्याने, गुलाम यझदानींच्या देखरेखीखाली, त्यांची निगा राखली हे आपल्या मंडळात पूर्वी वाचलेलं आहेच.

वाटेतले दोन दगड

उमरग्याहून सोलापूर–हैदराबाद रस्त्याने इकडे यायला निघालं की काळा दगड बराच वेळ साथ देतो. हुमनाबाद, जहिराबादच्या भागात जमीन एकदम तांबडी होते. हा जांभा. हा कुठल्याही भूपट्टाच्या कडेवर तयार झालेला नाही. बेसाल्टच उष्ण आणि दमट हवेत लाखो वर्षं कुजून त्याचा जांभा झाला. बिदरचं पठार या जांभ्याचं. जांभा पाणी मुरवतो आणि खालचा बेसाल्ट ते अडवतो. बहमनी काळातले बिदरचे करेझ, म्हणजे जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे, या दोन दगडांच्या सांध्याचा फायदा घेतात. ज्यांनी ते खणले त्यांना भूपट्ट ठाऊक नव्हते, पण पाणी कुठे थांबतं ते पक्कं ठाऊक होतं.

रस्त्याच्या दक्षिणेला तांडूर आणि शहाबाद. शहाबादी फरशी आपल्या प्रत्येकाच्या घरात कधी ना कधी होती. हा चुनखडक. तो ग्रॅनाइटच्या वर बसलेला आहे आणि वायव्येकडे दख्खनच्या काळ्या दगडाखाली जातो. म्हणजे वयाने दोघांच्या मधला. खंडाचा एक भाग सावकाश खचला, त्यावर उथळ समुद्र आला, आणि त्या शांत पाण्यात चुन्याचा गाळ थरावर थर साचत गेला. तिथे लाव्हा नव्हता, टक्करही नव्हती. फरशी इतक्या सरळ पातळ पापुद्र्यांत निघते ती त्या शांततेमुळे. कडाप्प्याची काळी फरशीही अशाच, पण वेगळ्या खोऱ्यातली.

मग सदाशिवपेठ, संगारेड्डीच्या पुढे डोळ्यांना काहीतरी वेगळं दिसायला लागतं. माळावर एकावर एक ठेवल्यासारखे गोल दगड. पटणचेरूला इक्रिसॅटच्या शेतात काळी आणि तांबडी अशी दोन्ही माती एकाच शिवारात आहे. काळी ही बेसाल्टच्या वंशातली, तांबडी ही ग्रॅनाइटच्या. १९७२ साली ही संस्था इथे आली, तेव्हा कोरडवाहू शेतीच्या अभ्यासाला या दोन मातींचा शेजार सोयीचाच होता.

तिथून हैदराबाद सुरू होतं.

संगे खारा

मी पहिल्यांदा इथे आलो तेव्हा मला हे दगड म्हणजे कुणीतरी आणून टाकलेला राडारोडा वाटला होता. हैदराबादेत एक जुनी गंमत सांगतातच, की जग घडवून झाल्यावर उरलेला माल देवाने इथे ओतला. प्रत्यक्षात एकही दगड कुणी आणून टाकलेला नाही. जिथे तयार झाला तिथेच तो आहे.

हा ग्रॅनाइट. उर्दूत संगे खारा. हातात घेऊन पाहा. काळ्या दगडात कण डोळ्यांना दिसत नाहीत, कारण लाव्हा उघड्यावर पटकन थंड झाला. ग्रॅनाइटमध्ये गुलाबी किंवा पांढरट फेल्स्पार, काचेसारखं क्वार्ट्‌झ आणि काळ्या अभ्रकाच्या टिकल्या वेगवेगळ्या मोजता येतात. इतके मोठे स्फटिक वाढायला वेळ लागतो. म्हणजे हा रस जमिनीच्या खाली, कित्येक किलोमीटर खोल, फार सावकाश थंड झाला. त्याच्यावरचा सगळा डोंगर झिजून गेला तेव्हा तो उजेडात आला.

गोल आकार नंतरचा. खडकाला आडव्या-उभ्या भेगा असतात. त्यांत पाणी शिरतं, आधी कोपरे कुजतात, मग कडा. कुजलेला मुरूम वाहून जातो आणि मधला घट्ट गाभा जागेवर उरतो. विद्यापीठाच्या आवारातला मशरूम रॉक, दुर्गम चेरुवूच्या काठचे दगड, खाजागुड्याची टेकडी, मौला अलीचा सलग घुमट हे सगळं त्याच हाताचं काम.

वय सुमारे २५० कोटी वर्षं. दख्खनच्या काळ्या दगडाच्या जवळपास चाळीसपट. हे वय कसं काढतात? ग्रॅनाइटमध्ये झिरकॉन नावाचं खनिज असतं, वाळूच्या कणाहूनही बारीक. तयार होताना ते युरेनियम आत घेतं, शिसं घेत नाही. युरेनियमचं ठरलेल्या वेगाने शिशात रूपांतर होतं. आत किती शिसं जमलं ते मोजलं की घड्याळ वाचता येतं.

आता मुद्दा असा की हा दगड भूपट्टांच्या कुठल्या खेळात तयार झाला. आज ग्रॅनाइट मोठ्या प्रमाणावर कुठे तयार होतो ते पाहायचं तर दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वताकडे पाहावं लागेल. तिथे महासागराचा तळ खंडाखाली शिरतो. ओल्या खनिजांतलं पाणी खोलवर सुटतं, त्या पाण्यामुळे वरचं प्रावरण वितळतं, तो रस वर येऊन खंडाचा बूड तापवतो, आणि त्यातून ग्रॅनाइटचा रस निघतो. अशा ठिकाणच्या खडकात काही मूलद्रव्यांचं प्रमाण ठरावीक तऱ्हेने कमी-जास्त असतं, नायोबियम आणि टायटॅनियम कमी वगैरे. हैदराबादचा ग्रॅनाइट ज्या प्राचीन भूखंडाचा भाग आहे त्याला धारवाड क्रेटॉन म्हणतात. त्याच्या पूर्वेकडच्या भागात २७० ते २५० कोटी वर्षांपूर्वी असे अनेक ग्रॅनाइट वर आले. कर्नाटकातला रामनगरचा, जुन्या नावाने क्लोजपेटचा, ग्रॅनाइट त्याच कुळातला. त्यांच्या रसायनावरून बरेच अभ्यासक म्हणतात की इथे तेव्हा भूपट्ट एकमेकांवर येत होते, छोटे छोटे तुकडे जोडून खंड तयार होत होता. दुसरा पक्ष म्हणतो, तेव्हाची पृथ्वी आजच्याहून जास्त तप्त होती, आजचे नियम जसेच्या तसे लावू नका, खालून आलेल्या उष्णतेचा वाटाही मोठा होता. हा वाद अजून मिटलेला नाही. पण एवढं दोघांनाही मान्य आहे की दक्षिण भारताचा पाया घातला जात होता त्या कामाचा हा दगड साक्षीदार आहे.

या दगडाचं पहिलं शास्त्रीय टिपण इथेच झालं, हे आपल्याला अभिमानाने सांगता येईल. लॅम्बटनच्या मोजणीच्या मोहिमेत हेन्री वॉयझी हा डॉक्टर आणि भूशास्त्रज्ञ म्हणून १८१८ साली नेमला गेला. त्याने केलेला हैदराबाद परिसराचा भूशास्त्रीय नकाशा भारतातला पहिला मानला जातो. मोहीम उत्तरेकडे सरकली, ग्रॅनाइट सोडून काळ्या दगडावर आली. १८२३ च्या जानेवारीत लॅम्बटन हिंगणघाटला वारला. वॉयझीने नागपूरच्या सीताबर्डी टेकडीच्या दगडावरही लिहिलं आणि १८२४ साली कलकत्त्याच्या वाटेवर तोही गेला. दोन्ही दगड एकाच माणसाने अशा तऱ्हेने पायाखाली घातल्याचं हे फार जुनं उदाहरण.

आणि शहर तर याच दगडाचं. हशमतपेठ आणि मौला अलीची महापाषाणयुगीन दफनं, गोवळकोंड्याचा किल्ला, १५९१ चा चारमिनार, सगळीकडे ग्रॅनाइट. मक्का मशिदीच्या मिहराबाच्या शिळेबद्दल टॅव्हर्निअरने लिहून ठेवलंय की ती खाणीतून काढायला पाच-सहाशे माणसं पाच वर्षं राबत होती आणि ओढून आणायला चौदाशे बैल लागले. १९३९ साली उघडलेलं उस्मानिया विद्यापीठाचं आर्ट्‌स कॉलेज गुलाबी ग्रॅनाइटचं. त्याच्या खांबांवर अजिंठा-वेरूळची छाप आहे असं वास्तुशास्त्राचे जाणकार सांगतात. मला ते पाहताना नेहमी वाटतं, काळ्या दगडातली रीत गुलाबी दगडात उतरवताना पाथरवटांच्या किती छिन्न्या बोथट झाल्या असतील!

अर्धी राहिलेली फाळणी

जुन्या राज्यातला आणखी एक दगड सांगितल्याशिवाय चित्र पुरं होत नाही. १८७१ साली भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या डॉ. विल्यम किंग यांना येल्लंदूजवळ कोळसा सापडला. १८८६ साली हैदराबाद डेक्कन कंपनीने खाणीचे हक्क घेतले आणि १९२० साली सिंगरेणी कंपनी उभी राहिली. निजामाची आगगाडी या कोळशावर धावली.

हा कोळसा इथेच का? तर खंड फाटायला लागला होता म्हणून. प्राणहिता–गोदावरीच्या खोऱ्यात कवच दोन्ही बाजूंनी ताणलं गेलं, मधली लांब पट्टी खाली खचली. तिच्यात नद्यांनी वाळू आणली, दलदलीत जंगलं माजली आणि गाळाखाली दबली. २५ ते ३० कोटी वर्षांपूर्वीची ही गोष्ट. पूर्व आफ्रिकेत आज जी खचदरी आहे तसंच काहीसं. आपल्याकडे ती फूट पुरी झाली नाही, मध्ये समुद्र आला नाही, खंड एकच राहिला. गोदावरी आजही त्या जुन्या खचलेल्या पट्टीतूनच वाहते. पुढच्या काळातल्या त्याच खोऱ्यातल्या थरांत डायनासोरही सापडले. बिर्ला विज्ञान केंद्रात उभा असलेला कोटासॉरस यामनपल्लीचा. आणि पलीकडच्या काठावर, गडचिरोलीत सिरोंच्याजवळ वडधमला, त्याच थरांचं जीवाश्म उद्यान आहे.

थोडक्यात, एका राज्याच्या सीमेत खंड जोडला गेल्याचा दगड, खंड खचून उथळ समुद्र आल्याचा दगड, खंड फाटू लागल्याचा दगड, आणि फाटून निघालेला खंड तप्तबिंदूवरून गेल्याचा दगड, हे सगळे होते. १९५६ साली भाषेप्रमाणे वाटणी झाली. खडकांची वाटणी त्याआधी कितीतरी झालेली होती आणि तिच्या रेषा वेगळ्या आहेत. देगलूर-बिलोलीकडे मराठी माणूस ग्रॅनाइटवर राहतो, आणि विकाराबादकडे तेलुगू माणूस काळ्या दगडावर.

तीनशे अडतीस मीटर

आता किल्लारीकडे परत येतो.

भूकंपानंतर तिथे अभ्यासासाठी एक खोल छिद्र घेतलं गेलं. त्याचं नाव केएलआर-१, खोली ६१७ मीटर. एनजीआरआयच्या शास्त्रज्ञांनी त्यातून निघालेल्या दगडाच्या कांड्यांवर बरंच काम केलं. मला हे एका व्याख्यानात कळलं. वक्त्याने फळ्यावर एक उभी पट्टी काढली. वर ३३८ मीटर काळा दगड. त्याच्याखाली फक्त ८ मीटर जुना गाळ. आणि त्याच्याखाली, छिद्र संपेपर्यंत, ग्रॅनाइट-नाइस कुळातला अतिप्राचीन पाया.

मी शेजारी बसलेल्या आपल्या मंडळातल्या निवृत्त भूशास्त्रज्ञांना विचारलं, "म्हणजे आमच्या घराखाली..."

ते म्हणाले, "हैदराबाद. सख्खा भाऊ म्हणणार नाही मी, तुमच्याकडचा दगड जरा जास्त खोलातून आलेला आहे. पण चुलत नक्की."

३३८ मीटर म्हणजे फार नव्हे. गोवळकोंड्याची टेकडी सुमारे १२० मीटर. तशा तीन टेकड्याही पुऱ्या नाहीत. आमची विहीर, आमचं शेत, आजीचा तो "दगडावर दगड" या सगळ्याचा हिशेब एवढाच. ज्याला आम्ही जमिनीचं बूड समजत होतो ते अंथरलेलं घोंगडं होतं. कोयनेलाही पुढे खोल छिद्रं घेतली गेली, तिथे चारशे मीटरपासून साडेबाराशे मीटरपर्यंत काळा दगड लागला आणि त्याच्याखाली पुन्हा ग्रॅनाइट-नाइसच.

भूकंप झाला तो या पायात. आपला भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर या वेगाने उत्तरेकडे आशियाला रेटतो आहे. हिमालय त्या रेट्याचा. पण ताण फक्त कडेवर राहत नाही, भूपट्टाच्या पोटातही साठतो, आणि जुन्या पायात जिथे पूर्वीची कमजोर जागा असेल तिथे कधीतरी सुटतो. या ताणाला खोलवरच्या पाण्याचीही साथ मिळाली असावी, असं काही अभ्यासकांचं मत आहे. वरून मात्र काही दिसत नव्हतं, कारण घोंगडं पसरलेलं होतं. म्हणून तर किल्लारीचा भाग भूकंपाच्या दृष्टीने निर्धोक धरला जात होता.

आणि हेही लिहायला हवं, कारण ते आमच्या घराबद्दल आहे. माणसं भूकंपाने कमी आणि घरांनी जास्त मारली. मातीत रचलेला गोटा, सांधणारं काही नाही, भिंतीच्या दोन कातड्यांना जोडणारा आरपार दगड नाही, आणि वर टनावारी मातीचं माळवद. दगडाचा दोष नव्हता, रचण्याचा होता. लेणी त्याच दगडात आहेत. आजही मराठवाड्यात असली घरं उभी आहेत आणि त्यांना वारसा म्हणताना आपण हे विसरू नये. आरपार बांधणीचे दगड आणि भिंतीभोवती एक पट्टा घातला तर ती तगतात, हे किल्लारीनंतर अभियंत्यांनी करून दाखवलेलं आहे.

मग हैदराबादच्या दगडांचं काय?

मराठवाड्यात जो पाया पाहायला शेकडो मीटर छिद्र घ्यावं लागतं, तो इथे बसस्टॉपच्या मागे उघडा पडलेला आहे. भेगा कुठल्या दिशेने जातात, एक रस दुसऱ्याला कापून कसा गेला, कुठे दगड चेचला गेला, हे सगळं इथे हात लावून वाचता येतं. घोंगड्याखालचं समजून घ्यायचं तर उघडं असलेलं पान आधी वाचावं लागतं. हे पान आपण फाडत चाललो आहोत.

मी पंचवीस वर्षं ज्या वसाहतीत राहिलो तिथे कोपऱ्यावर तीन दगडांची एक उतरंड होती. खालचा हत्तीएवढा, वरचा रांजणासारखा. पोरं त्यावरून घसरगुंडी खेळायची, वरच्या खळग्यात पावसाचं पाणी साचायचं, चिमण्या यायच्या. एका बांधकामासाठी चार दिवस सुरुंग लावले आणि जागा सपाट झाली. मी तेव्हा काही बोललो नाही. दगडच तो, असं मलाही वाटलं होतं.

काही लोक बोलले. १९९६ पासून 'सोसायटी टू सेव्ह रॉक्स' ही संस्था इथे काम करते आहे, सभासदांना घेऊन दगडांच्या फेऱ्या काढते. त्यांच्यासारख्यांच्या खटपटीने शहराच्या वारसा-नियमांत जुन्या इमारतींच्या जोडीला काही खडकांचीही नावं आली. भारतात ही गोष्ट नवीनच होती. २०१५ च्या शेवटी ते नियमच रद्द झाले. इमारत पडली तर निदान छायाचित्रावरून कुणी पुन्हा बांधण्याचा विचार तरी करतो. २५० कोटी वर्षांचा दगड फुटला की खडी होते आणि रस्त्यात जाते.

माझं म्हणणं एवढंच आहे. आपल्या मंडळाची वाड्यांची आणि शिलालेखांची नोंदवही आहे. तिच्यात दगडांसाठी पानं घालावीत. जागा, छायाचित्र, अंदाजे उंची, भेगांची दिशा, दगडाचा रंग आणि स्फटिकांचा आकार, आसपास काही जुनं बांधकाम किंवा दफनं असतील तर ती, आणि लोक त्या दगडाला काय म्हणतात ते. तेलुगूत एक नाव असतं, दखनीत दुसरं, ती दोन्ही लिहावीत. भूशास्त्र येत नसलं तरी एवढं कुणालाही जमतं. जे उद्या उरणार नाही त्याची निदान नोंद उरेल.

किल्लारीहून परतताना मी आजीच्या घराचा एक दगड पिशवीत घालून आणला होता. वसाहतीतल्या उतरंडीचा एक तुकडाही सुरुंगानंतर उचलून ठेवला. ते दोन्ही माझ्या टेबलावर असतात, नातू त्यांनी कागद दाबून ठेवतो. व्याख्यानाहून आलो त्या रात्री मी काळा दगड उचलून गुलाबी दगडावर ठेवला. खरा क्रम तोच आहे.

पुढच्या रविवारी सकाळी साडेसहाला खाजागुड्याच्या पायथ्याशी जमू. नोंदवही मी आणतो. पायात चांगले बूट घाला, पाणी बरोबर घ्या, आणि ज्यांच्याकडे होकायंत्र असेल त्यांनी ते विसरू नका.